फोटो धूसर का येतोय? लेन्स बदलण्याआधी करायचा तपास

नवा कॅमेरा हातात आला की पहिल्या काही दिवसांतली तक्रार जवळपास ठरलेली असते: फोटो शार्प येत नाहीत. मागच्या छोट्या स्क्रीनवर झकास दिसतात आणि कॉम्प्युटरवर मोठे केले की चेहरे पुसट. लगेच लेन्स बदलायचे बेत सुरू होतात. लेन्स सदोष निघूही शकते, पण संशयितांच्या यादीत ती बरीच खाली असते. कॅमेरा हलला, समोरचा माणूस हलला, फोकस भलतीकडे बसला, काच मळली, अपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र) फार बारीक केलं, फाइल दाबून लहान केली, या सगळ्यांतून धूसर फोटोच निघतो. पण प्रत्येकाचा धूसरपणा वेगळा दिसतो. तो ओळखायला शिकलात की पुढचं काम बहुतेक वेळा एखादं सेटिंग बदलण्याचं उरतं.

पायरी १: फोटो १०० टक्के मोठा करून बघा, आणि एखादा ठिपका शोधा

मूळ फाइल कार्डवरून थेट कॉम्प्युटरवर घ्या. मेसेजिंग अ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवलेली प्रत चालणार नाही, कारण ती वाटेत लहान होते. मग १०० टक्क्यांवर बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर त्याचा जेमतेम बारावा भाग एका वेळी मावतो. म्हणजे तुम्ही भिंग लावून बघताय, आणि भिंगाखाली थोडा मऊपणा दिसणारच. २०० टक्क्यांवर कुठलाच फोटो देखणा दिसत नाही, तिथे जाऊन निराश होऊ नका.

आता फोटोत एखादा लहान, चमकदार ठिपका शोधा. लांबचा दिवा, डोळ्यातली चमक, भांड्याच्या कडेवरचा उजेड, पानावरचा पाण्याचा थेंब, काहीही चालेल. निदान इथेच होतं:

ठिपक्याची रेघ झाली असेल, आणि फोटोभर सगळ्या ठिपक्यांच्या रेघा एकाच दिशेला ओढलेल्या असतील, तर कॅमेरा हललाय. रेघा एखाद्या मध्याभोवती गोल फिरल्यासारख्या दिसल्या तर बटण दाबताना कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली गेली.

मागची भिंत स्वच्छ, पण माणसाचा हात किंवा चेहराच ओढल्यासारखा असेल, तर माणूस हललाय.

ठिपक्याची गोल किंवा षटकोनी चकती झाली असेल, तर तिथे फोकस नाही. मग नजर पुढेमागे फिरवा. चेहरा पुसट आहे आणि मागच्या पडद्याची वीण स्पष्ट दिसतेय, असं काहीतरी सापडेल.

ठिपक्याभोवती दुधाळ वलय, काळा रंग राखाडी, सगळ्यावर पातळ धुकं, असं असेल तर काच मळली आहे किंवा तिच्यावर बाष्प धरलंय.

रेघ नाही, चकती नाही, फक्त केस, गवत आणि कापडाचा पोत चोळून टाकल्यासारखा दिसतोय, तर तो जास्त आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) आणि नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करणाऱ्या प्रक्रियेचा परिणाम आहे.

एका फोटोत दोन दोष एकत्र असू शकतात. अंधाऱ्या खोलीतल्या फोटोत तर हात हललेला आणि फोकसही चुकलेला, अशी जोडी नेहमी सापडते.

पायरी २: फोटोसोबत आलेली माहिती वाचा

प्रत्येक फाइलमध्ये कॅमेरा स्वतःच नोंद करतो: शटर स्पीड (शटर किती सेकंद उघडं राहिलं), अपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीमधला आकडा). कॅमेऱ्यावर फोटो बघताना इन्फो किंवा डिस्प बटण दाबलं की हे आकडे दिसतात, कॉम्प्युटरवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये मिळतात. पाच धूसर फोटोंचे आकडे कागदावर एकाखाली एक लिहा. त्यातल्या चारांचे शटर स्पीड १/३० सेकंद किंवा त्याहून संथ निघाले तर पुढचा तपास अर्धा झालाच म्हणून समजा.

पायरी ३: कॅमेरा हलत असेल तर

जुना ठोकताळा असा: शटर स्पीड निदान १ भागिले फोकल लेंग्थ असावा. हा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याचा हिशोब आहे. त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सर असेल तर फोकल लेंग्थला आधी १.५ ने गुणा (कॅननच्या बाबतीत १.६ ने), आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरला २ ने. म्हणजे एपीएस-सीवर ५० मिमी लेन्स असेल तर १/८०, आणि २०० मिमीला १/३२०. हा ठोकताळा फिल्मच्या काळातला. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या फाइली १०० टक्क्यांवर बघायच्या असतील तर याच्या दुप्पट वेग धरलेला बरा: ५० मिमीला १/१६०, २०० मिमीला १/६४०.

झूम वाढवला की हे इतकं का बिघडतं, ते आकड्यांत बघा. शटर उघडं असताना कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका कलला, असं धरू. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर १८ मिमी लेन्सने चित्र एका पिक्सेलपेक्षाही कमी सरकतं. तेवढ्याच हालचालीने २०० मिमीला ते ९ पिक्सेल सरकतं. हात तोच, थरथर तीच. म्हणून कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर सगळं छान येतं आणि टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावली की फोटो हलू लागतात. लेन्सला शिव्या बसतात त्या इथे.

पकड सुधारायला पैसे लागत नाहीत. डावा तळवा लेन्सच्या खाली, बाजूने चिमटीत धरलेला नको. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकलेली. व्ह्यूफाइंडर असेल तर तो डोळ्याला लावा. हात लांब करून स्क्रीनवर बघत फोटो काढणं ही सगळ्यात डुगडुगती पद्धत. श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण दाबताना फक्त तर्जनीचं टोक हलू द्या. बटणाला ठोसा मारायचा नाही, ते हळूहळू दाबत न्यायचं. भिंत, दाराची चौकट, टेबल, जे असेल त्याला टेका. आणि बर्स्टवर (बटण दाबून ठेवलं की सलग फोटो निघतात तो मोड) तीन फोटो घ्या. पहिल्यात बटण दाबल्याचा धक्का असतो, तिसऱ्यात सोडल्याचा. मधला बहुधा सगळ्यात स्थिर निघतो.

कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये थरथर सावरणारा स्टॅबिलायझर असेल (कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस) तर तो चालू आहे ना ते बघा. लेन्सवरचं बटण बॅगेत ये-जा करताना सरकतं. अर्धं बटण दाबल्यावर त्याला स्थिरावायला क्षणभर द्या, मग पूर्ण दाबा. तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) स्टॅबिलायझर १/८० ची गरज १/१० वर आणतो. पण तो सावरतो फक्त तुमचा हात. समोरच्याची हालचाल थांबवणं त्याच्या हातात नाही, आणि नवशिक्यांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते.

ट्रायपॉडवरही फोटो हलतो, तेव्हा चिडू नका, हे तपासा. शटर हाताने दाबलंत? २ सेकंदांचा सेल्फ टायमर किंवा रिमोट वापरा. मधला दांडा पूर्ण वर काढलाय? खाली घ्या, उंची पायांतून मिळवा, आणि पायांतही आधी वरचे जाड भाग उघडा. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडतोय? तो काढा किंवा गुंडाळा. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर साधारण १/४ ते १/३० च्या दरम्यान आरसा उचलल्याचा धक्काही फोटोत उतरतो. मिरर लॉक-अप (आरसा आधीच उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) वापरा. मिररलेसमध्ये आरसा नसला तरी शटरचा पडदा असतो, तिथे मेनूत इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (पहिला पडदा न हलवता फोटो सुरू करणारी सोय) चालू करा. जुन्या लेन्सचा स्टॅबिलायझर ट्रायपॉडवर बंद करावा लागतो, नाहीतर नसलेली थरथर शोधत तो स्वतःच चित्र हलवतो.

पायरी ४: समोरचं हलत असेल तर

इथे एकच इलाज: वेग वाढवा. किती, याचा अंदाज यावा म्हणून हिशोब मांडू. माणूस ताशी ५ किमी वेगाने, तुमच्यापासून ५ मीटरवरून आडवा चालतोय. एपीएस-सी, २४ मेगापिक्सेल, ५० मिमी लेन्स. १/६० ला तो फोटोत सुमारे ६० पिक्सेल फरफटतो. १/२५० ला १४, आणि १/१००० ला साडेतीन-चार. तोच माणूस थेट तुमच्याकडे चालत येत असेल तर फरफट कितीतरी कमी. म्हणून वेगवान गोष्ट आडवी जाताना टिपण्यापेक्षा समोरून येताना टिपणं सोपं.

सुरुवातीला हे आकडे पाठ असू द्या: बसून बोलणारा माणूस १/१२५, चालणारा १/२५०, खेळणारी मुलं आणि कुत्री १/५०० ते १/१०००, उडणारे पक्षी १/१६०० किंवा त्याहून वेगवान. ग्रुप फोटोत सगळे "स्थिर" उभे असतात असं वाटतं, पण दहाजणांत कोणीतरी मान वळवतंच. १/६० वर समाधान मानू नका, १/१६० तरी घ्या.

वेग वाढवला की उजेड कमी पडतो, आणि तो भरून काढायला आयएसओ वाढवावा लागतो. आयएसओ १६०० किंवा ३२०० बघून घाबरणारे पुष्कळ आहेत. दाणेदार पण स्पष्ट फोटो वापरता येतो, दाणे कमीही करता येतात. हललेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे ऑटो आयएसओ चालू करून त्याच्या मेनूत किमान शटर स्पीड ठरवून देणं, उदाहरणार्थ १/२५०, आणि कमाल आयएसओ ६४००. ही सोय तुमच्या कॅमेऱ्यात नसेल तर शटर प्रायॉरिटी मोडवर (डायलवर एस किंवा टीव्ही) वेग तुम्ही ठरवा आणि बाकीचं कॅमेऱ्यावर सोडा.

पूर्ण ऑटो मोडची इथे थोडी निंदा करायलाच हवी. आपण काय टिपतोय हे कित्येकदा त्याला कळत नाही. खोलीत अंधार झाला की तो १/३० किंवा १/६० वर खुशाल उतरतो, समोर रांगतं मूल असलं तरी.

पायरी ५: फोकस चुकत असेल तर

हा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा, म्हणून इथे जरा थांबू.

आधी साधं बघा. लेन्सवरचा एएफ-एमएफ (ऑटोफोकस की हाताने फोकस) खटका एमएफवर तर गेला नाही ना? वाचताना हसू येईल, पण "कॅमेरा बिघडला" या तक्रारीमागे हा खटका कितीतरी वेळा निघतो. मग बघा, तुम्ही लेन्सच्या किमान अंतरापेक्षा जवळ तर नाही? ५० मिमी एफ १.८ (एफ हा अपर्चरचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं) लेन्सना साधारण ३५ ते ४५ सेंमी लागतात, ८५ मिमीला ८० सेंमीच्या आसपास. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचं नसतं. ते सेन्सरपासून मोजतात, आणि सेन्सर कुठे आहे हे दाखवणारी खूण बॉडीच्या वरच्या बाजूला असते: एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ. त्याहून जवळ गेलात तर लेन्स आत-बाहेर करत राहते आणि फोकस कधीच बसत नाही.

व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच पुसट दिसतंय पण फोटो मात्र ठीक येतायत, तर दोष फोटोचा नाही. व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक, डायऑप्टर, फिरवा. समोरच्या दृश्याकडे न बघता आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवायचं.

आता मुख्य गोष्ट: फोकस कुठे बसवायचा हे कॅमेऱ्याला ठरवू देऊ नका. सगळे फोकस पॉइंट चालू असले की कॅमेरा सहसा जवळची आणि ठसठशीत कडा असलेली वस्तू धरतो. चेहऱ्याऐवजी पुढे केलेला हात, पक्ष्याऐवजी आडवी फांदी. मेनूत एएफ एरिया सिंगल पॉइंट करा, तो चौकोन ज्या डोळ्यावर हवा तिथे न्या, अर्धं बटण दाबा, चौकोन हिरवा झाला किंवा बीप वाजली की मग पूर्ण दाबा. मिररलेस कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा एएफ असेल तर माणसांसाठी तो सिंगल पॉइंटपेक्षाही चांगला.

दुसरं सेटिंग फोकस मोडचं. स्थिर विषयाला एएफ-एस (कॅननच्या भाषेत वन शॉट): फोकस एकदा बसतो आणि कुलूप लागतं. हलत्या विषयाला एएफ-सी (कॅननवर एआय सर्व्हो किंवा सर्व्हो): बटण अर्धं दाबून ठेवलंत तोवर तो पाठलाग करत राहतो. धावणाऱ्या मुलावर एएफ-एस लावून बटण पूर्ण दाबेपर्यंत मूल पुढे निघून गेलेलं असतं आणि फोकस त्याच्या जुन्या जागेवर राहतो. उलट, एएफ-सीमध्ये मधल्या चौकोनाने डोळ्यावर फोकस करून चौकट सरकवलीत, तर चौकोन आता कानावर किंवा मागच्या भिंतीवर असतो आणि कॅमेरा इमानाने तिथे फोकस करतो.

आता डेप्थ ऑफ फील्डची गोष्ट, म्हणजे फोकसच्या पुढेमागे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं त्याची. ५० मिमी एफ १.८ लेन्स घेतली की जो तो एफ १.८ वरच फोटो काढतो. घेतलीच त्यासाठी असते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर, दीड मीटरवरच्या माणसाचा एफ १.८ ला फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे साडेसहा सेंमी जाडीचा असतो, म्हणजे फोकसच्या पुढेमागे सव्वातीन-सव्वातीन. नाकावर फोकस बसला तर डोळे काठावर आणि कान गेलेच. एक मीटरवर गेलात तर तोच पट्टा तीन सेंमीही उरत नाही. उभ्या माणसाचं शरीर नकळत एवढं तर झुलतंच, तुमचंही आणि समोरच्याचंही. त्याच दीड मीटरवर एफ ४ केलंत तर पट्टा १४ सेंमीच्या पुढे जातो आणि चेहरा सुखाने मावतो. दोन रांगांत उभ्या माणसांना एफ ५.६ किंवा एफ ८ लागतं.

मधल्या चौकोनाने फोकस करून मग चौकट सरकवण्याची जुनी सवय एवढ्या पातळ पट्ट्यात महागात पडते. एक मीटरवरच्या डोळ्यावर फोकस करून कॅमेरा फक्त १० अंश वळवलात, तर फोकसचं प्रतल (ज्या सपाटीत चित्र सगळ्यात स्पष्ट असतं ती) डोळ्याच्या दीड सेंमी मागे जातं. एफ १.८ ला इतकी चूक खपत नाही. फोकसचा चौकोनच डोळ्यावर न्या.

काही गोष्टींवर ऑटोफोकस अडखळतोच: कोरी भिंत, निरभ्र आकाश, सारख्या आडव्या पट्ट्या, काच, जाळीमागचा प्राणी, पाठीमागून ऊन आलेला काळवंडलेला चेहरा. त्याला कडा लागते, तिथे ती मिळत नाही. तेवढ्याच अंतरावरची एखादी ठळक कडा शोधून तिच्यावर एएफ-एसने फोकस करा, बटण अर्धं दाबलेलं ठेवा आणि चौकट परत आणा. किंवा एमएफवर जाऊन स्क्रीनवरचं चित्र ५ किंवा १० पट मोठं करून हाताने फोकस करा. फोकस पीकिंगच्या (फोकसमधला भाग रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत कडांवर फार विसंबू नका, त्या जरा उदार असतात. उघड्या अपर्चरला नाकापासून कानापर्यंत सगळंच रंगवून मोकळ्या होतात. रात्रीच्या आकाशासाठी फोकस रिंग टोकापर्यंत फिरवून "अनंत" मिळत नाही, कारण बऱ्याच ऑटोफोकस लेन्स अनंताच्या थोड्या पलीकडेही जातात. एखादा ठळक तारा स्क्रीनवर १० पट मोठा करा आणि तो सगळ्यात लहान दिसेल तिथे थांबा.

डीएसएलआरवाल्यांसाठी एक जास्तीची शक्यता. व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली बसवलेला. त्याची आणि मुख्य सेन्सरची जुळणी थोडी हुकली तर प्रत्येक फोटोत फोकस सारखाच पुढे किंवा सारखाच मागे पडतो. तपासायची सोपी पद्धत अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. समोर छापील कागद भिंतीला सपाट लावा आणि त्याच्यापुढे ४५ अंशांत तिरकी फूटपट्टी टेकवा, अशी की तिचा मधला आकडा कागदाच्या प्रतलात येईल. अपर्चर सगळ्यात उघडं. फोकस कागदावर. दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून, दहा लाइव्ह व्ह्यूमधून, आणि प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग मुद्दाम बिघडवून ठेवा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे सगळेच एका बाजूला सरकलेले असतील, तर जुळणीचा दोष आहे. वरच्या श्रेणीच्या बॉडींत एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट असतं, बहुधा उणे २० ते अधिक २० पर्यंत. पाच-पाचने बदलत पुन्हा फोटो घ्या. सुरुवातीच्या श्रेणीत ही सोय बहुधा नसते. मात्र दहापैकी चार पुढे, तीन मागे, तीन बरोबर असे विखुरलेले निकाल आले तर ती जुळणी नव्हे. उजेड कमी आहे किंवा चौकोन भलत्याच गोष्टीवर पडतोय. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही भानगड सहसा उद्भवत नाही.

पायरी ६: काच आणि हवा

लेन्स उजेडासमोर तिरकी धरून बघा. समोरच्या काचेवर बोटाचा ठसा असेल तर फोटोभर दुधाळपणा येतो आणि दिव्यांभोवती वलयं धरतात. साफ करण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर कापड, मध्यापासून बाहेर गोल फिरवत. द्रव कापडावर घ्या, काचेवर ओतू नका. धूळ न उडवता शर्टाच्या टोकाने पुसणं म्हणजे त्याच धुळीने काच घासणं.

समोर स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून तोच फोटो पुन्हा घ्या. टेलिफोटोवर फरक लगेच कळतो.

गार खोलीतून एकदम दमट, उबदार हवेत आलात की काचेवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, पुसलं की पुन्हा धरतं. कॅमेरा गार जागेतच बंद पिशवीत घाला, बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवीतच राहू द्या, मग उघडा. आणि लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसत असतील तर ती बुरशी. ती घरी साफ होत नाही.

सेन्सरवरच्या धुळीवर मात्र उगाच आळ घेऊ नका. तिने फोटो धूसर होत नाही. एफ १६ ला आकाशात काळपट डाग दिसतात, एवढंच.

लांबचं टिपताना हवाच आड येते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून, रस्त्यावरून किंवा पाण्यावरून उठणाऱ्या झळांमुळे ३०० मिमीच्या पुढच्या फोटोत कडा वितळल्यासारख्या दिसतात. शटर स्पीड १/४००० केला तरी त्या सरळ होत नाहीत. सकाळी लवकर जा, नाहीतर जवळ जा. तिसरा उपाय नाही.

पायरी ७: अपर्चरची दोन्ही टोकं

बहुतेक लेन्स पूर्ण उघड्या अपर्चरला जराशा मऊ असतात, विशेषतः कोपऱ्यांत. किट झूमच्या ५५ मिमी टोकाला एफ ५.६ ऐवजी एफ ८ करून बघा, फरक दिसेल. पण "जास्त आकडा म्हणजे जास्त शार्प" असं समजून एफ २२ वर गेलात तर उलटंच होतं. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. एफ ८ ला एका बिंदूची चकती सुमारे ११ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडते, एफ २२ ला जवळपास ३० मायक्रॉनची. २४ मेगापिक्सेल एपीएस-सीचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे एफ २२ ला बिंदू सात-आठ पिक्सेल रुंद झाला. निसर्गचित्रांना एफ ८ ते एफ ११ पुरतं.

पायरी ८: फोटो काढल्यानंतर बिघडलेला फोटो

मेनूत जेपेग क्वालिटी फाइन आणि साइज लार्ज आहे ना बघा. डिजिटल झूम बंद करा. तो फक्त मधला तुकडा कापून ताणतो. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) संपादनाआधी मऊच दिसते, कारण जेपेगमध्ये कॅमेरा जे शार्पनिंग आपणहून करतो ते रॉमध्ये तुम्हाला करायचं असतं. रॉ उघडल्यावर क्षणभर शार्प दिसून मग मऊ होते, ती यामुळेच: आधी कॅमेऱ्याने बनवलेली छोटी जेपेग दिसते, मग खरी फाइल. जेपेगमध्ये केस आणि गवत मेणासारखं दिसत असेल तर हाय आयएसओ नॉईज रिडक्शन लो वर आणा. फोटो पाठवताना अ‍ॅपमध्ये "फोटो" ऐवजी "डॉक्युमेंट" म्हणून जोडा, म्हणजे मूळ फाइल जाते.

पायरी ९: आता लेन्सची पाळी

वरचं सगळं बघून झालं आणि तरीही समाधान नाही, तर लेन्सला पूर्ण संधी देणारा एक फोटो काढा. दिवसा, मोकळ्या उजेडात, ट्रायपॉडवर, २ सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद, आयएसओ १०० किंवा २००, एफ ८, लाइव्ह व्ह्यूत १० पट मोठं करून फोकस. समोर विटांची भिंत किंवा सपाट चिकटवलेलं वर्तमानपत्र, कॅमेरा त्याला अगदी समांतर. हा फोटो मध्यभागी लख्ख आला तर कॅमेरा आणि लेन्स धडधाकट आहेत, दोष मागच्या आठपैकी एका पायरीत आहे. परत तिथे जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन सेटिंग्ज एकदम बदलून फोटो सुधारला तर कशाने सुधारला ते कळत नाही.

चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू पुसट असेल तर आधी समांतरपणा पुन्हा तपासा. मग कॅमेरा उलटा, डोक्यावर धरून तोच फोटो घ्या. भिंतीची तीच बाजू पुन्हा पुसट आली तर कॅमेरा तिरका होता. पुसट बाजू भिंतीवर पलटली, म्हणजे फोटोच्या चौकटीत जिथे होती तिथेच राहिली, तर लेन्समधली एखादी काच जागेवरून सरकली आहे. पडलेल्या किंवा आदळलेल्या लेन्समध्ये हे होतं, क्वचित नव्या लेन्समध्येही.

तेव्हा सर्व्हिस सेंटरला जाताना नुसती तक्रार नेऊ नका. एफ ८ चे दोन्ही फोटो, सरळ आणि उलटा, मूळ फाइलींसकट न्या. लेन्ससोबत बॉडीही न्या, म्हणजे दोष दोघांपैकी कोणात आहे ते तिथेच तपासता येईल. हमीची मुदत चालू असेल तर मधल्या काळात स्वतः स्क्रू उघडून बघण्याचा मोह टाळा.